चौथी डिस्क की तिसरी प्रत

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. मोहोळ

सीना नदीच्या पुराचं पाणी उतरलंय. या आठवड्यात लांबोटीजवळ महामार्गच बंद पडला होता. आज नदीकाठच्या गावातले एक जण आमच्या फोटो स्टुडिओत आले. लग्नाचा अल्बम गाळात गेला म्हणाले. "तुमच्याकडं फोटो असतील का ओ?" अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. कपाटातल्या सुट्या डिस्क एकेक करून जोडत बसलो. फोटो मिळाले, पण संध्याकाळ गेली, आणि एक डिस्क तर फिरता फिरता खटखट वाजायला लागली.

सगळं एका जागी आणायचं. घरातला जुना डेस्कटॉप सर्व्हर करायचा आणि त्यात चार डिस्कचा रेड, म्हणजे चार डिस्क एकत्र जुंपलेली रचना, लावायचा.

२ ऑक्टोबर, दसरा

कॅमेऱ्यांची पूजा झाली आणि वही घेऊन हिशेबाला बसलो. चार चार टीबीच्या चार डिस्क. रेड ५ केला तर बारा टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. रेड ६ मध्ये आठच टीबी, पण कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. रेड १० मध्येही आठ, मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की खेळ संपला.

कागदावर रेड ५ स्वस्त दिसतो. अडचण येते ती डिस्क गेल्यानंतर. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०चा चौदावा घात इतक्या बिटांमागं एखादी जागा वाचता न येण्याची शक्यता लिहिलेली असते. ते साडेबारा टीबी होतात. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, हे खरं. तरी लोकांची लग्नं त्या भरवशावर ठेवायची नाहीत. लिहिताना रेड ६ थोडा हळू चालतो, पण आमचे फोटो एकदाच लिहिले जातात. रेड ६ ठरला.

१९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा विचार मांडला, तेव्हा मुद्दा सुरक्षेइतकाच पैशाचा होता. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या. आमच्या धंद्याला हे आजही लागू आहे.

वेगळं रेड कार्ड घ्यायचं नाही. कार्ड जळालं तर तसंच दुसरं शोधत फिरायचं, आणि ते सोलापुरात तरी मिळेल का? लिनक्सचं एमडीॲडम हे साधन रेडच्या रचनेची माहिती डिस्कवरच लिहून ठेवतं. मशीन मेलं तर चारही डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावायच्या आणि पुढं जायचं.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

दोन डिस्क सोलापुरातून आणल्या, दोन ऑनलाइन मागवल्या. चारही एकाच खोक्यातल्या असल्या तर एकाच वेळी म्हाताऱ्या व्हायच्या. जादाची एक कपाटात ठेवली आहे.

दुकानदाराला "एसएमआर नको" म्हटलं तर तो बघतच राहिला. या प्रकारात डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक पट्टा नव्यानं लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात. एकट्या डिस्कला हे चालून जातं, रेडची भरणी मात्र रखडते. २०२० साली सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (लाल) नावाच्या काही डिस्क या प्रकारच्या निघाल्या आणि जगभर ओरड झाली. म्हणून मॉडेल नंबर बघितल्याशिवाय डिस्क घेऊ नये.

पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत नेलं नाही, थोडी जागा सोडली. उद्या दुसऱ्या कंपनीची चार टीबी थोडी लहान निघाली तरी बसेल. प्रत्येक डिस्कच्या पुढच्या बाजूला सिरियल नंबरचे शेवटचे आकडे चिकटवले. लिनक्सनं दिलेली एसडीबी, एसडीसी ही नावं मशीन बंद-चालू झाल्यावर बदलू शकतात. घाईत चांगलीच डिस्क उपसली जायची.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताई पुण्याहून आली. ओवाळणीचं पाकीट दिलं आणि सोबत एक डिस्क. सगळ्या फोटोंची कुलूपबंद प्रत, पासवर्ड वेगळा. "हे काय रे, ओवाळणीत?" "कपाटात ठेव, जोडू नको."

अण्णांना पटेना. चार डिस्क आहेत, दोन गेल्या तरी चालतं म्हणतोस, मग ही कशाला? त्यांना म्हटलं, डिस्क मेल्यावर रेड काम थांबू देत नाही, एवढंच त्याचं काम. कुणी फोल्डर पुसलं तर ते चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. वीज पडली, चोरी झाली, घरात पाणी शिरलं तर चारही एकदम जातात. अण्णा म्हणाले, "निगेटिव्हला करंट लागत नव्हता." त्यावर काय बोलणार? तरी गाळात निगेटिव्हही गेलीच असती.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी

पंढरपूरच्या रस्त्याला गर्दी. घरात सर्व्हरची तपासणी चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे सगळ्या डिस्क आपोआप कोपऱ्यान् कोपरा वाचल्या जातात आणि पॅरिटीशी, म्हणजे गेलेला मजकूर परत काढायच्या हिशेबाशी, ताडल्या जातात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या लग्नाच्या फाइलखालची जागा खराब झाली असेल तर ते आत्ताच कळावं. एरवी ते कळतं थेट भरणीच्या वेळी.

दुपारी लाईट गेली. यूपीएस यूएसबीनं जोडलेला आहे, बॅटरी उतरली की मशीन स्वतःहून बंद होतं. त्यातूनही अर्धवट लिहिताना बंद पडलंच, तर बिटमॅप आहे. कुठल्या भागात लिहिणं चालू होतं त्याची ती नोंद. तेवढाच भाग परत जुळवला जातो, आठ टीबी नाही.

तुळशीची लग्नं सुरू झाली. आता उसंत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

पहाटे मेल आला. तिसऱ्या डिस्कवर वाचता न येणारे काही सेक्टर. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये अजून चार यू दिसत होते, म्हणजे रचना पूर्ण होती. अशा वेळी डिस्क उपटायची नाही. कपाटातली जादाची नवी डिस्क शेजारी लावली आणि बदलीचा आदेश दिला. जुनीवरचं जितकं वाचता येतं तितकं तिच्यावरून येतं, अडेल तेवढंच बाकीच्यांवरून, आणि तोपर्यंत दोन डिस्कचं संरक्षण शाबूत. लग्नाचं एडिटिंग वर चालूच होतं. रात्री उशिरा भरणी संपली.

इशारा मिळाला हे नशीबच. गूगलनं २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींच्या, चार ठळक खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

१४ जानेवारी २०२६, संक्रांत

ताई डिस्क घेऊन आली, ताजी भरलेली दुसरी घेऊन जाईल. आधी जुनीवरून एक लग्न वेगळ्या लॅपटॉपवर उतरवून बघितलं. फोटो उघडले, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. एवढं केल्याशिवाय प्रत आहे असं म्हणू नये.

बाजारपेठेतला एक फोटोग्राफर मित्र विचारत होता, मीही चार डिस्क घेऊ का? त्याला सांगितलं, पैसे तीनच डिस्कचे असतील तर दोन रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जाईल अशा, लाव आणि तिसरी दुसऱ्या गावात ठेव. चौथीचं पुढच्या सीझनला बघू.