मासा जमा, मासा नावे

फलटणमध्ये बर्फ तीन ठिकाणी बघायला मिळतो. रसवंतीवाल्याकडे गोणपाटात गुंडाळलेला, लग्नसराईत मठ्ठ्याच्या पिंपात, आणि मासळीवाल्याच्या थर्माकोलच्या खोक्यात. पैकी तिसऱ्या ठिकाणी बर्फाच्या पोटात मासा असतो. बर्फातल्या मासेमारीशी आमच्या गावाचा संबंध काय तो एवढाच, आणि तोही मासा दोन दिवसांपूर्वी वारलेला.

त्यामुळे जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी रात्री साडेअकराला साडूच्या मुलाचा मिनियापोलिसहून व्हिडिओ कॉल आला, आणि तो "काका, मी तळ्यावर उभा आहे" असं म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "तळ्यावर म्हणजे काठावर ना?" "नाही, वर!" असं म्हणून त्याने फोन गरगर फिरवला. जिकडे बघावं तिकडे पांढरं मैदान आणि त्यावर हजारो माणसं, प्रत्येक माणूस आपापल्या पायापुढच्या भोकात डोकावून बघत बसलेला. मला वाटलं, एवढ्या लोकांचं एकदम काहीतरी हरवलं की काय!

आमच्या सौ. खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ते पोरगं बर्फावर उभं आहे. त्याला आधी घरात जायला सांगा, मासे मग दाखव म्हणावं."

पण तो कसला जातो! ती मासे पकडण्याची स्पर्धा होती. मिनेसोटा राज्यात ब्रेनर्ड म्हणून गाव आहे, त्याच्याजवळ गल लेक नावाचं तळं. १९९१ पासून तिथे हिवाळ्यात ही जत्रा भरते. गोठलेल्या तळ्याला आधीच वीस हजारांवर भोकं पाडून ठेवतात. दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ. दहा-दहा हजार माणसं आपापल्या भोकात गळ सोडून बसतात, आणि बक्षिसांत चक्क पिकअप ट्रकसुद्धा असतो. उरलेला पैसा धर्मादाय कामाला जातो. मी विचारलं, "अरे, पण बर्फ खचला तर?" तो म्हणाला, "काका, चार इंच बर्फ माणसाला पुरतो. एक फुटाच्या वर झाला की मोटारी जातात." आमच्या नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांची मला आठवण झाली, पण तो विषय इथे नको.

मग माझा वाणिज्य शाखेचा प्रश्न : वर सगळा दगड झाल्यावर खाली मासे जगतात कसे? उत्तर आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी पांघरुणातूनच दिलं. पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं, ते तळाशी जातं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि तिथे गोठतं. म्हणून तळं वरून खाली गोठतं, आणि मासे तळच्या चार अंशांत हिवाळा काढतात. पंचवीस वर्षं 'रिझर्व्ह' हा शब्द लिहितो आहे. त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

सोमवारी हे सगळं मी बँकेत सांगितलं. आता मी बँकेत कोण, ते सांगायला हवं. मी क्लार्क. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण त्यामुळे रांग कमी झालेली नाही. ऐकायला तिघे होते. एक आमचा शिपाई, जो काहीही ऐकतो. दुसरा नवा अधिकारी, पाटण्याकडचा पोरगा, सहा महिन्यांपूर्वी फलटणला टाकलेला. त्याला मराठी 'सही करा' आणि 'उद्या या' एवढीच येत होती. बँकेला तेवढी पुरते. आणि तिसरे नाना.

नाना आमचे हेड कॅशियर. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. पालखी फलटणला मुक्कामाला आली की त्यांची रजा ठरलेली. एरवी त्यांना रजा ठाऊक नाही. याचं कारण किल्ली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक अधिकाऱ्याकडे आणि एक हेड कॅशियरकडे. दोघे असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. नानांचा हात दर पाच मिनिटांनी खिशाकडे जातो आणि किल्ली चाचपून परत येतो. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा ते डाव्या हाताने टाकतात असं म्हणतात. मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

फेब्रुवारीअखेर नाना निवृत्त होणार होते. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगी पुण्याला. 'नाना, पुढे काय?' असं कोणी विचारलं की ते नोटांचं बंडल उलटं करून पुन्हा मोजायला घेत. मशीन शेजारी असताना. जानेवारीत तर एकच बंडल ते तीन-तीनदा मोजायला लागले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायचं कोणी?

अशा वेळी मी म्हणालो, "आपणही स्पर्धा घेऊ. वीर धरणावर. दुसऱ्या शनिवारी." नाना म्हणाले, "मी माळकरी माणूस." मी म्हटलं, "म्हणून तर तुम्ही पंच."

वीर धरणाचं आणि आमचं नातं तसं जुनं आहे. भोरजवळचं भाटघर १९२८ चं, त्याच्या खाली नीरेवर वीर, ते १९६५ चं. नदीचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो, उजवा आमच्या फलटण-माळशिरसकडे. कॉमर्सच्या पुस्तकात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते, त्यामुळे आम्ही जमेच्या बाजूला आहोत असं मी एकदा बारामतीच्या व्याह्यांना सांगून पाहिलं. ते हसले नाहीत.

परवानगीची भानगड मात्र मला माहीत नव्हती. धरणातला मासा हा सरकारी हिशेबात ठेक्यावर दिलेला असतो. बहुधा मच्छीमारांच्या सोसायटीला. ते लोक पैसे भरून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, पाण्यात सोडतात आणि मोठी झाली की जाळ्याने काढतात. म्हणजे आपण काठावर बसून गळ टाकला तर ते दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढण्यासारखंच. हे कळल्यावर मी रीतसर जाऊन सोसायटीच्या माणसाला भेटलो.

"किती जण?" त्याने विचारलं.

"चार. त्यातला एक पंच."

"आधी कधी मासं धरल्यात?"

"नाही."

तो निर्धास्त झाला. "मग बसा की. लागलाच एखादा, तर वजन करून पैसं द्या, न्हाईतर परत सोडा."

ठरल्या दिवशी आम्ही लोणंदमार्गे निघालो. नानांनी एक जुनं रजिस्टर बरोबर घेतलं होतं. त्यावर रेघा मारून रकाने पाडले होते : वेळ, स्पर्धक, माशाचा प्रकार, वजन, जमा, नावे, शेरा. काठावर बाभळीखाली एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणालो. त्यांच्याकडे काठी नाही, चकरी नाही, काही नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिशाचा तुकडा आणि गळ. बाटली डाव्या हातात धरायची, उजव्याने गळ गरगर फिरवून फेकायचा आणि तंगूस बोटावर घेऊन बसायचं. मुंबईला पवईच्या तलावावर अँगलिंग असोसिएशनचे लोक रीळवाल्या काठ्या घेऊन बसतात, ते मी एकदा लांबून पाहिलं होतं. त्या थाटापुढे ही बाटली म्हणजे अगदीच बचत खातं. मामांनी आम्हाला एकेक बाटली दिली आणि कणीक व शेंगदाण्याची पेंड मळून केलेला गोळा दिला. त्याचा वास असा खमंग होता, की शिपायाने थोडा चाखून पाहिला.

बरोबर बारा वाजता नानांनी शिट्टी वाजवली. मामा म्हणाले, "आवं सायेब, ह्या टायमाला मासा येतुय व्हय? सकाळच्या पारी यावं, न्हाईतर दिवस कलल्यावर."

"अमेरिकेत बारा ते तीनच असते," मी म्हणालो.

"तिकडं तवा रात असंल," मामा म्हणाले आणि टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले.

पहिल्या तासात शिपायाने एक चप्पल काढली. नानांनी 'प्रकार' या रकान्यात 'पादत्राण (डावे)' असं लिहिलं आणि वजन लिहू का विचारलं. माझा गळ दोनदा बाभळीत आणि एकदा माझ्याच शर्टात अडकला. नाना दर अर्ध्या तासाला 'निरंक' लिहीत आणि खाली सही करत. दुसरी सही अधिकाऱ्याची घेत. दोन सह्यांशिवाय त्यांना करमत नाही. फेब्रुवारीतलं ऊन आमच्याकडे फेब्रुवारीसारखं नसतं. अडीचच्या सुमाराला मला अमेरिकेतल्या त्या दहा हजार लोकांचा मत्सर वाटायला लागला. त्यांना निदान बूड टेकायला बर्फ तरी होता.

मी चहाला उठलो आणि माझी बाटली नानांच्या हातात दिली. "नुसती धरा. जॉइंट कस्टडी समजा." नाना नको नको म्हणत होते, पण 'कस्टडी' म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या माणसाने पस्तीस वर्षं नोटा बोटांनी ओळखल्या आहेत. मशीन नोट पास करतं आणि नाना ती नुसत्या अंगठ्याने बाजूला काढतात. तपासली की खोटीच निघते. अशा बोटावर तो तंगूस होता. मी थर्मासचं झाकण उघडत होतो, तेवढ्यात नाना अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "कुणीतरी आहे."

मामा ताडकन उठले. "वढू नका! खाऊ द्या... खाऊ द्या... आता!"

नानांनी ओढलं. पुढची पाच मिनिटं काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण आम्ही चौघे एकाच वेळी ओरडत होतो. माळ पाठीवर गेलेली, बुक्का घामाने नाकावर आलेला, रजिस्टर चिखलात पडलेलं, आणि नाना मागे मागे सरकताहेत. शेवटी तांबूस कल्ल्यांचा, चांदीसारखा चमकणारा मासा काठावर आला. मामांनी ताणकाट्याला लावला. दीड किलो. "रोहू," मामा म्हणाले.

पाटण्याचा पोरगा मटकन खालीच बसला. "अरे, ये तो हमारे उधर का है!" आणि ते खरंच होतं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे तिकडचे, गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या धरणांत त्यांचं बी आणून सोडलं. म्हणजे हेही बदलीवरच आलेले. सहा महिन्यांत त्याला पहिल्यांदा गावचं कुणीतरी भेटलं होतं. तो माशाशी काय बोलत होता ते मला समजलं नाही, भोजपुरी असावी.

नाना मात्र माशाकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "हिला मासा फार आवडायचा. माहेर नदीकाठचं. मी माळ घातली आणि घरात बंद केला. तीस वर्षं. एकदासुद्धा बोलली नाही."

कोणी काही बोललं नाही. शिपायाने चहा ओतला, पण कप कोणाला द्यावा हे त्याला कळेना.

मग नानांनी मामांना गळ काढायला सांगितला. मासा त्यांनी स्वतः दोन्ही हातांत घेतला, शंभराच्या नोटांचं बंडल घेतात तसा, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला. बराच वेळ तिथेच उभे होते. बाहेर येऊन त्यांनी रजिस्टर पुसलं, 'जमा : १ रोहू, दीड किलो' असं लिहिलं, लगेच पुढे 'नावे : १ रोहू, दीड किलो' असं लिहून शिल्लक निरंक काढली आणि दुसऱ्या सहीसाठी पोराकडे दिलं. शेरा या रकान्यात काहीतरी लिहून त्यांनी ते पुन्हा खोडलं. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

बक्षिसाचा मोठा पेच पडला. नियमाप्रमाणे पंचाला बक्षीस देता येत नाही, आणि इतर स्पर्धकांत शिपाई चपलेच्या जोरावर पहिला येत होता. शेवटी बक्षीस, म्हणजे स्टीलचा डबा, मामांना दिला. त्यांनी त्यात लगेच पेंड भरली.

महिनाअखेरीला नानांनी किल्ली सुपूर्द केली, नारळ घेतला, भाषण केलं नाही. मार्च एण्डिंगच्या गडबडीत त्यांचं काय चाललंय हे बघायला आम्हाला वेळ झाला नाही, हे मान्य करतो. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी भल्या पहाटे दारात स्कूटर वाजली. नाना. हँडलला पिशवी, पिशवीत बाटली. मागच्या सीटवर पाटण्याचा पोरगा, झोपेत.

"चला," नाना म्हणाले. "मामा म्हणालेत, ऊन चढायच्या आत यायचं."

ते महिन्यातून दोनदा जायला लागले, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. मासा लागला की सोडतात. रजिस्टर चालू आहे. परवा मी म्हटलं, "नाना, तुम्हाला आता रोजच सुट्टी. शनिवारची वाट कशाला बघता? बुधवारी जाऊन या की मजेत एकटेच."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तिजोरी उघडी टाकून जेवायला गेलो होतो.

"बुधवारी?" ते म्हणाले. "अहो, वर्किंग डेला?"