योग्यकर्ता येथील एकादशी

मुलांनीं नको म्हटलें असतांहि आम्ही एकटेच जावा बेटास गेलों. सासष्टाव्या वर्षीं परमुलखांत एकट्यानें हिंडणें घरांत कोणासच रुचलें नव्हतें. परंतु आम्हांस संस्कृताचा भरंवसा होता. ज्या देशाच्या भाषेंत इतके संस्कृत शब्द, तेथें आपलें अडेल कसें?

मार्च २०२५ मध्यें योग्यकर्ता शहरीं उतरलों आणि हा तर्क पहिल्याच दिवशीं लंगडा पडला. शब्द ओळखीचे, पण अर्थ परके! ‘सुआमी’ म्हणजे नवरा, ‘अचारा’ म्हणजे कार्यक्रम. आणि ‘नगारा’ म्हणजे वाद्य तर नव्हेच, पण नगरहि नव्हे, राष्ट्र! शौचगृहाच्या दारावरील ‘वनिता’ हा शब्द वाचतां आल्यानें एक नामुष्की टळली, इतकाच काय तो आमच्या विद्येचा उपयोग. तेथील चटणींत बहुधा आंबवलेल्या कोळंबीचें वाटण असतें, हें कळल्यावर दोन दिवस भात व केळीं यांवर काढले. रात्रीं पाऊस कोसळूं लागला म्हणजे परत जावेंसें वाटे.

तिसऱ्या दिवशीं प्राम्बानन पाहिलें. नवव्या शतकांतील तें शिवालय ४७ मीटर उंच असून, कठड्याच्या आंतल्या अंगास रामायण प्रदक्षिणेच्या क्रमानें कोरलेलें आहे. दक्षिणेकडील गाभाऱ्यांत अगस्त्य उभा आहे. तीन दिवसांत भेटलेला हा पहिलाच ओळखीचा गृहस्थ! त्याच्यापुढें आम्ही घटकाभर उभे राहिलों.

आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों होतों त्या बाई मुसलमान होत्या. रमजान चालू होता. तरी स्वतः निर्जळी राहून त्या आमची न्याहारी आणून देत. १० मार्च रोजीं फाल्गुन शुद्ध एकादशी होती. ताट परत करावें कसें? हातवारे करून दमलों आणि शेवटीं नुसतें ‘उपवास’ म्हणालों.

बाई थबकल्या. “पुआसा?”

तेथें रोज्यास ‘पुआसा’ म्हणतात, व तो शब्द उपवासापासूनच झालेला आहे. आम्ही आनंदानें मान डोलावली. इतक्यांत बाईंची दृष्टि आमच्या हातांतील चहाच्या पेल्याकडे गेली आणि त्यांना हंसूं आवरेना. चाळीस वर्षांच्या आमच्या व्रताची इतकी सौम्य परीक्षा कोणीं घेतली नव्हती. आम्ही पेला हळूच खालीं ठेवला.

सायंकाळीं सहाच्या सुमारास बांग झाली आणि बाईंनीं आम्हांस ओसरीवर बोलावलें. आमची एकादशी तर दुसऱ्या दिवशीं सुटावयाची! नाहीं म्हणावें तर त्यांचें मन मोडतें, बसावें तर व्रत मोडतें. संकोचानेंच बसलों. पुढ्यांत खजूर आले, मागोमाग ‘कोलाक’ आलें: नारळाच्या दुधांत माडाचा गूळ घालून शिजविलेलीं केळीं. आमचें कुटुंब हयात असतें, तर एकादशीस तिनें तरी याहून निराळें काय वाढलें असतें? दुसऱ्यांदा वाटी पुढें करतांना आम्ही मुळींच मागेंपुढें पाहिलें नाहीं.

रात्रीं थोरल्या चिरंजीवांचा फोन आला. “दादा, जेवलांत का?”

“आज एकादशी,” आम्ही म्हणालों, “फराळ झाला.”