दुसरा गॅलॅक्टोज

आमच्या प्रयोगशाळेत आता वाटाणे भिजत पडत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीने एफयूटी-१चं, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतल्या झायलोग्लुकॅनवर फ्यूकोज ही साखर बसवणाऱ्या एन्झाइमचं, जनुक मागवलं, गॉल्जीच्या पटलात रुतणारा भाग छाटला आणि मानवी पेशींच्या कल्चरमधून स्वच्छ, पाण्यात विरघळणारं एन्झाइम काढलं. अंधारात वाढवलेले वाटाण्याचे पांढुरके कोंब, बर्फावरचं वाटण, डिटर्जंट जरा जास्त झाला की मरणारी अ‍ॅक्टिव्हिटी, यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. मी तोंडभर कौतुक केलं. मनातून खट्टू झालो.

फ्यूकोज ज्यावर बसवायचा ते चिंचोक्याचं झायलोग्लुकॅन मात्र तेच. त्यात झायलोज असतो, गॅलॅक्टोज असतो, फ्यूकोज नसतोच. म्हणजे बसलेला प्रत्येक फ्यूकोज आपणच बसवलेला. साखळी कापून मास स्पेक्ट्रम घेतला की सर्वांत भरलेला तुकडा सोडियमसह १४०९वर दिसतो, फ्यूकोज चढला की १५५५वर. पण त्या तुकड्यावर गॅलॅक्टोज दोन आहेत! १७०१ला काहीतरी उमटायला नको का? जीडीपी-फ्यूकोज ओतला, आणि तो सोन्याहून महाग. सुटलेला जीडीपी एन्झाइमला अडवतो, म्हणून फॉस्फटेज घालून तोही मोडला. तरी फ्यूकोज बसतो तो साखळीच्या रिड्यूसिंग टोकाकडच्या गॅलॅक्टोजवरच. २०१६-१७मध्ये एन्झाइमच्या स्फटिकरचना आल्या, खाच दिसली, कारणही बरंचसं कळलं. माझी नजर अजून आधी १७०१वरच जाते.

संश्लेषणवाले म्हणतात, आम्ही हव्या त्या जागी बसवून देऊ. देतील, एकेका हायड्रॉक्सिलला टोपडं घालत आणि काढत, चिमूटभर. अख्ख्या पॉलिमरवर, साध्या बफरमध्ये, एका रात्रीत करून दाखवा म्हणावं.

खरा टोला झाडाचाच आहे. हे एन्झाइम १९९९मध्ये मिशिगन स्टेटमध्ये केनेथ कीगस्ट्रांच्या गटाने वाटाण्यातूनच शुद्ध केलं आणि त्यावरून अ‍ॅराबिडॉप्सिसमधलं जनुक गाठलं. २००२मध्ये म्यूर-२ या उत्परिवर्तित रोपाचा अभ्यास आला: झायलोग्लुकॅनवरचा फ्यूकोज जवळपास गायब, आणि रोप जवळजवळ नेहमीसारखंच वाढलेलं. ज्या साखरेपायी माझे केस पिकले, तिच्यावाचून झाडाचं फारसं अडत नाही. व्याख्यानांत ही स्लाइड मी भरभर पुढे ढकलतो.

विद्यार्थिनीच्या शोधनिबंधाच्या मसुद्यात वाटाण्याच्या अर्काचा एक परिच्छेद आहे. त्याची गरज नाही, असं तिने दोनदा नम्रपणे सुचवलं. मी तो काढू दिलेला नाही.