मागच्या दाराचे तोरण

लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुकानाच्या दारावरची झेंडूची तोरणे माना टाकतात. आठवड्याभरात कोणीतरी स्टुलावर चढून ती उतरवतो आणि सजावटीचा सारा हिशेब किरकोळ खर्चाच्या खात्यात जाऊन बसतो. सांगली जिल्ह्यातील एका बाजारपेठेत चाळीस वर्षे कापडाचा व्यापार केलेल्या एका आजोबांचा सजावटीकडे पाहण्याचा दृष्टिकोन आयुष्यभर एवढाच होता. दर्शनी दाराला तोरण असावे, कारण गिऱ्हाईक तेथून येते. त्यांच्या पत्नी मात्र दरवर्षी एक तोरण अधिक ओवीत आणि ते दुकानाच्या मागच्या दाराला बांधीत. त्या दाराने गाठोडी येत, हमाल येत, गिऱ्हाईक कधीच येत नसे. ‘तिकडे कोण पाहणार आहे?’ असे आजोबा दरवर्षी विचारीत. त्या काही उत्तर देत नसत. तोरणाची गाठ पक्की झाली की खाली उतरत.

त्या पावसाळ्यात निवर्तल्या. दुकान पुतण्याच्या हाती होतेच. घरात एकटे कशाला, असे म्हणून मुलीने आजोबांना सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात नेले. सप्टेंबरात ते तेथे पोहोचले. दिवसभर घरात मुलगी-जावई नसत. सोबतीला असे ती महाविद्यालयात शिकणारी नात, आणि तिचे वेड होते अनाहाइम येथील डिस्नेलँड. तिच्याकडे वर्षभराचा परवाना होता. ती तेथे वारंवार जाई, पण पाळण्यांत फारशी बसत नसे. ती छायाचित्रे काढी, तीही दिव्यांच्या खांबांची, खिडक्यांची आणि कठड्यांवर गुंडाळलेल्या माळांची. ऋतू बदलला की त्या वस्तू बदलतात आणि काय बदलले हे शोधण्यातच तिला खरा आनंद मिळतो, असे तिने आजोबांना सांगितले. आजोबांना ते पोरकट वाटले. तरी नातीच्या शब्दाखातर ऑक्टोबरातील एका सकाळी ते तिच्याबरोबर निघाले.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्यापूर्वी त्या जागी संत्र्यांच्या बागा होत्या. आत शिरताच जो रस्ता लागतो, त्याचे नाव मेन स्ट्रीट. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन गावातील बाजारपेठेचे ते चित्र आहे; वॉल्ट डिस्ने यांनी बालपणी पाहिलेल्या मिझुरी राज्यातील मार्सेलिन या गावाची आठवण त्यामागे आहे. इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यांपेक्षा लहान मापाने बांधलेले आहेत. त्यामुळे त्या आहेत त्याहून उंच वाटतात. वरच्या खिडक्यांवर निरनिराळ्या व्यवसायांच्या पाट्या रंगवलेल्या आहेत. ते व्यवसाय काल्पनिक असले तरी नावे खरी आहेत. हे उद्यान ज्यांनी उभारले आणि वाढवले, त्यांची ती नावे. अशाच एका खिडकीवर इलायस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना १८९५, असे लिहिलेले आहे. इलायस हे वॉल्ट यांचे वडील.

ही पाटी नातीने दाखवली तेव्हा आजोबा प्रथमच थांबले. मुलाने बापाच्या नावाची पाटी लावली, हे त्यांना तत्काळ कळले. आपल्या दुकानावर आजही वडिलांचेच नाव आहे, एवढेच ते म्हणाले.

३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. त्याच्या कितीतरी आठवडे आधीपासून मेन स्ट्रीट नारिंगी रंगात न्हाऊन निघतो. चौकात मिकी माऊसच्या आकाराचा प्रचंड भोपळा ठेवलेला असतो आणि प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहून छायाचित्र काढून घेतो. नातीने मात्र आजोबांना वर पाहण्यास सांगितले. छपरांच्या कडांवर आणि खिडक्यांखालच्या कंगोऱ्यांवर कोरलेल्या भोपळ्यांच्या रांगा होत्या. एक हसरा, एक रुसलेला, एक दचकलेला. चेहरा चेहऱ्यासारखा नव्हता. खालून हजारो माणसे जात होती. त्यांतील फार थोड्यांची मान वर होत होती.

“एकच साचा करून सगळे ओतले असते तर निम्म्या खर्चात काम झाले असते,” आजोबा म्हणाले. “हे एवढ्या वर कोण पाहणार आहे?”

“मी पाहते ना, आजोबा,” नात म्हणाली.

तेथून ती त्यांना झपाटलेल्या वाड्याकडे घेऊन गेली. हा वाडा १९६९ साली खुला झाला. त्याची एक गंमत आहे. २००१ पासून दरवर्षी, सप्टेंबरच्या आसपासपासून जानेवारीच्या आरंभापर्यंत, त्याचे रूप बदललेले असते. त्यापूर्वी काही दिवस तो बंद ठेवतात आणि १९९३ च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या चित्रपटाचा साज त्यावर चढवतात. हॅलोविनच्या गावचा राजा जॅक स्केलिंग्टन हा हाडांचा सापळा नाताळाच्या मोहात पडतो आणि यंदाचा नाताळ आपणच साजरा करू म्हणून निघतो, अशी ती कथा आहे. त्याचा हेतू चांगला असतो, पण जमत काहीच नाही. म्हणून त्या वाड्यात मेणबत्त्या आणि भोपळे यांच्याच जोडीला नाताळची झाडे आणि भेटवस्तूही असतात. एकाच सजावटीत दोन सण भागवले आहेत, हे आजोबांच्या व्यापारी नजरेने अचूक टिपले.

वाड्याच्या नृत्यदालनात मेजावर जिंजरब्रेडचे, म्हणजे आले व मसाले घातलेल्या बिस्किटाचे, मोठे घर मांडलेले असते. पाळण्यात बसलेल्या माणसाला ते काही क्षणच दिसते. तरीही त्याची रचना दरवर्षी नवी असते. नातीजवळ त्या घरांची वर्षवार छायाचित्रे होती. कोणत्या वर्षी आपण कोणत्या इयत्तेत होतो, आजी-आजोबा त्या वर्षी आले होते की नाही, हे ती त्या घरांवरून सांगे. जुन्या वह्या उघडाव्यात तशी ती एकेक छायाचित्र उघडीत होती. त्यांतील एका वर्षी आजी एकटीच आली होती. दिवाळी तोंडावर असताना दुकान सोडता येत नाही म्हणून आजोबा आले नव्हते. छायाचित्रात आजी वाड्याबाहेरच्या कठड्याजवळ उभी होती आणि कठड्यावरच्या भोपळ्याकडे न पाहता त्याच्या मागे वाकून पाहत होती.

“तिथे काय पाहत होती?” आजोबांनी विचारले.

“मागची बाजूही नीट केली आहे का, ते,” नात हसली.

घरी परतताना आजोबांनी आपला आक्षेप स्पष्ट मांडला. हा धर्मादाय नाही, व्यापार आहे. तिकिटाचा दर त्यांनी रुपयांत करून पाहिला होता. ज्याच्याकडे वर्षाचा परवाना आहे, त्याने पुनःपुन्हा यावे, खावे-प्यावे, खरेदी करावी, म्हणूनच तर ही दर ऋतूची नवलाई आहे. नातीने ते नाकारले नाही.

आजोबांचे म्हणणे खरेच होते आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. कोपनहेगन येथील टिव्होली हे उद्यान १८४३ साली सुरू झाले. वॉल्ट डिस्ने १९५१ मध्ये तेथे गेले होते आणि तेथील नीटनेटकेपणाचा व दिव्यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. हे उद्यान दीड शतक प्रामुख्याने उन्हाळ्याचे होते. १९९४ पासून ते नाताळसाठी उघडू लागले आणि २००६ पासून हॅलोविनसाठी. जे महिने कुलपात जात, ते उत्पन्नाचे महिने झाले. ऋतूची सजावट हे अशा रीतीने बंद दुकान उघडण्याचे साधन आहे. परंतु व्यापार म्हटल्याने सगळा खुलासा होत नाही. गिऱ्हाईक आणण्यास चौकातला मोठा भोपळा पुरेसा आहे. छपराच्या कडेवरचा रुसलेला भोपळा गिऱ्हाईक आणत नाही. तो कशासाठी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ऑक्टोबर संपला आणि भोपळे नाहीसे झाले. हे काम उद्यान बंद झाल्यावर, रात्री चालते. पाहुण्याला शिडी दिसू नये, खोकी दिसू नयेत, अशी शिस्त आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवून मांडामांड करणाऱ्या माणसाला त्या अदृश्य हातांचे मोल सांगावे लागत नाही. डिसेंबरात नात पुन्हा चला म्हणाली तेव्हा आजोबांनी आढेवेढे घेतले नाहीत.

चौकात आता ६० फूट उंचीचे नाताळचे झाड उभे होते. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या जगभरच्या मुलांच्या बाहुल्यांच्या जलसफरीला १९९७ पासून दरवर्षी नाताळचा साज चढतो. नेहमीच्या गाण्यात ‘जिंगल बेल्स’ची धून अशी मिसळतात की एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे उमगत नाही. संध्याकाळी त्या पांढऱ्या इमारतीवरचे दिवे लागले तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या गर्दीतून एकदम आनंदाचा उद्गार निघाला.

शेजारच्या दुसऱ्या उद्यानात, डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये, या दिवसांत अनेक समाजांचे सण एकत्र साजरे होतात आणि त्यांत दिवाळीही असते. नृत्य पाहून आजोबा म्हणाले, “दिवाळी होऊन किती दिवस झाले! यांच्याकडे माल उशिरा पोहोचलेला दिसतो.” पत्नीच्या निधनानंतर नातीने त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला विनोद होता.

परंतु त्यांचे मन खरे रमले ते त्याच उद्यानातील कार्स लँडमध्ये. २००६ च्या ‘कार्स’ या चित्रपटातील मोटारींचे गाव तेथे २०१२ साली उभारले आहे. त्या गावात माणसे नाहीत, सगळ्या मोटारीच राहतात. मग त्यांनी नाताळ कसा साजरा करावा? सजावट करणाऱ्यांनी हा प्रश्न मनापासून घेतला. दारावर पानांच्या गोल माळांऐवजी टायर टांगले, माळांत मोटारीचे सुटे भाग ओवले, प्रवेशाशी बर्फाच्या माणसाऐवजी बर्फाची मोटार उभी केली. टायरवाल्याची सजावट टायरांची, रंगाऱ्याची रंगांची, उपाहारगृहाची त्याच्या थाटाची. प्रत्येक दुकानदाराने आपल्या मालातूनच सण सजवला होता.

आजोबा एकेका दुकानासमोर थांबले. बाजारपेठेत पूर्वी असेच असे, ते सांगू लागले. भांड्यांचे दुकानदार कळशांची उतरंड रचीत, किराणावाले नारळांची रास करीत. आपल्या दुकानात दिवाळीला रंगीत कापडाच्या चिंध्यांची झालर लागे. ती कोण करी, हे नातीने विचारले नाही. झालर शिवणारे माणूस कोण, हे तिला ठाऊक होते.

रात्री परतताना दोघे मेन स्ट्रीटच्या चौकात आले. तेथे अग्निशामक बंबाच्या ठाण्याच्या वर एक लहान निवासस्थान आहे. वॉल्ट डिस्ने उद्यानात मुक्कामाला असत ते तेथेच. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तेथील खिडकीत एक दिवा तेवता ठेवतात. नाताळच्या दिवसांत त्या खिडकीत एक छोटेसे झाडही मांडलेले असते. चौकातल्या ६० फुटी झाडाकडे सगळ्यांची तोंडे होती. त्या खिडकीकडे पाठ होती.

आजोबा बराच वेळ वर पाहत उभे राहिले. त्या झाडाने एक तिकीटही अधिक खपणार नव्हते. कोणत्याही खात्यात त्याचे उत्पन्न दाखवता आले नसते. तरी दरवर्षी कोणीतरी जिना चढून ते तेथे ठेवीत होते. कदाचित मोठ्या झाडावरचा लोकांचा विश्वास अशाच लहान झाडांवर उभा असतो. पेढीची पत दर्शनी भागावर ठरत नाही. जेथे कोणी पाहत नाही तेथेही काम तितकेच चोख आहे, या हळूहळू पसरणाऱ्या जाणिवेवर ती ठरते. चाळीस वर्षे वजन-मापात आणि हिशेबात आजोबांनी हेच पाळले होते. सजावटीलाही तोच नियम लागू आहे, हे मात्र त्यांच्या घरात एकाच माणसाला समजले होते, आणि त्या माणसाने ते कधी बोलून दाखवले नाही.

फेब्रुवारीत आजोबा गावी परतले. पुढच्या दिवाळीत धनत्रयोदशीला त्यांनी फुलवाल्याकडून एक तोरण अधिक मागवले आणि मागच्या दाराशी नेले. स्टुलावर चढण्याचे वय आता राहिले नव्हते. गाठोडे उतरवून घाम पुसत उभ्या असलेल्या जुन्या हमालाने ते त्यांच्या हातातून घेतले, चौकटीच्या वरच्या खिळ्याला न पाहताच हात नेला आणि गाठ मारली.

“आक्का होत्या तवा असायचं,” तो म्हणाला. “गेल्या साली न्हवतं.”