बटणामागचा शब्द

माझी मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. आता ती पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मोहल्ल्यातून या शाखेला गेलेल्या मुली मोजक्याच, त्यामुळे प्रवेश मिळाला त्या दिवशी घरात ईदच होती. पण तिसऱ्या सत्रात ती गप्प गप्प राहू लागली. एका रात्री जेवणानंतर म्हणाली, "अम्मी, मला नाही जमणार हे. सगळं इंग्रजीत, सगळं काळ्या पडद्यावर. मी बी.ए. करते."

बी.ए. काही वाईट नाही, मी स्वतः त्याच वाटेने शिक्षिका झाले. पण आवडीने धरलेली वाट वेगळी आणि घाबरून धरलेली वेगळी. मी म्हटलं, "कुठं अडलंय ते आधी मला दाखव." मला प्रोग्रामिंग येत नाही. मात्र वीस वर्षे मुलांना दोन भाषा शिकवल्या आहेत. मूल विषयात अडलंय की भाषेत, एवढं बहुधा ओळखता येतं.

तिला सी भाषेत वर्गाच्या हजेरीची यादी करायची होती. प्रत्येक नोंदीत रोल नंबर, नाव आणि पुढची नोंद कुठे ठेवली आहे तिचा पत्ता. याला लिंक्ड लिस्ट म्हणतात. चार नावे भरली की यादी बरोबर छापली जायची. पण मधले एक नाव काढून शेवटी नवे भरले की तीच तीन नावे पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राहायची, थांबायचीच नाहीत.

अशा वेळी डीबगर नावाचा प्रोग्राम कामाला येतो. तिच्या कॉलेजात जीडीबी वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1986 साली लिहिला आणि आजही तो जगभर चालतो. तो चूक काढून देत नाही. आपला प्रोग्राम सांगू त्या ओळीवर थांबवतो आणि विचारू ते सांगतो. 'ब्रेक' म्हटलं की थांब्याची खूण करतो, 'नेक्स्ट' म्हटलं की एक ओळ पुढे जातो, 'प्रिंट' म्हटलं की एखाद्या जागी त्या क्षणी काय ठेवलं आहे ते दाखवतो. पण हे सगळं काळ्या पडद्यावर टाइप करून. नेमकी त्याचीच तिला धास्ती होती.

तिचे मामू पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. त्यांचाच जुना लॅपटॉप तिच्याकडे आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, "तिला डीडीडी टाकून द्या. मागे जीडीबीच असतो, पुढे फक्त खिडकी लागते." डीडीडी म्हणजे डेटा डिस्प्ले डीबगर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात आंद्रेआस झेलर आणि डोरोथेआ ल्युट्केहाउस यांनी 1990 च्या दशकात तो तयार केला. विनामूल्य आहे आणि जुन्या मशीनवरही चालतो.

ही पुढची खिडकी मागच्या जीडीबीला कशी जोडली जाते, हे मामूंनी तिला आणि तिने मला समजावलं. खिडकीचा प्रोग्राम स्वतः काही तपासत नाही. तो जीडीबीला आपल्या हाताखाली सुरू करतो. आपण बटण दाबलं की तो त्या बटणाचा शब्द जीडीबीकडे टाइप केल्यासारखा पाठवतो, आलेलं उत्तर वाचतो आणि त्याचं चित्र काढतो. उत्तर संपलं हे कसं कळतं? जीडीबी पुढच्या हुकमासाठी तयार झाला की कंसात आपलं नाव लिहितो. ते नाव दिसलं की समजायचं, आता पुढचं विचारायला हरकत नाही.

यात दोन अडचणी असतात. बरेच प्रोग्राम समोर माणूस बसलाय असं वाटलं तर ओळ झाली की लगेच दाखवतात. पण समोर नुसती नळी आहे असं कळलं की मजकूर साठवून ठेवतात आणि घागर भरली की एकदम ओततात. तोपर्यंत खिडकी ताटकळत बसते. म्हणून मध्ये नुसती नळी न लावता स्यूडो टर्मिनल लावतात, म्हणजे मागच्याला पुढे खराच पडदा आहे असं वाटतं. दुसरी अडचण थांबवण्याची. प्रोग्राम धावत असताना जीडीबी आपले शब्द ऐकायला मोकळा नसतो. तेव्हा शब्द नाही, इशारा पाठवावा लागतो. काळ्या पडद्यावर आपण कंट्रोल आणि सी दाबतो तोच हा इशारा.

मला सगळ्यात जवळची वाटली ती भाषेची गोष्ट. जीडीबीची उत्तरं माणसांनी वाचण्यासाठी लिहिलेली आहेत. खिडकीला त्या वाक्यांतून हवा तो आकडा वेचावा लागतो. पुढच्या आवृत्तीत कुणी वाक्य जरा सुधारलं, किंवा तेच उत्तर दुसऱ्या भाषेत आलं, की खिडकी गोंधळते. म्हणून जीडीबीला सुरुवातीलाच मूळ इंग्रजीत बोलायला लावावं लागतं. पुढे यावर पक्का उपाय निघाला. यंत्राने यंत्राशी बोलायची एक ठरीव बोली जीडीबीतच घातली गेली. तिचं नाव एमआय, म्हणजे मशीन इंटरफेस. तिच्यात ओळीच्या पहिल्या चिन्हावरूनच कळतं की हे हुकमाचं उत्तर आहे, प्रोग्राम थांबल्याची खबर आहे, की माणसाला दाखवायचा मजकूर आहे. ही बोली सुरू करण्याच्या पर्यायाचं नावच 'इंटरप्रिटर', म्हणजे दुभाषी! डीडीडी जुन्या वळणाचा, तो अजून माणसांचीच वाक्यं वाचतो. एक्लिप्ससारखे नंतरचे प्रोग्राम एमआय वापरतात.

त्या शनिवारी ती डीडीडी उघडून बसली. नावं धावू लागताच तिने थांबवण्याचं बटण दाबलं. मग यादीची पहिली नोंद चित्रात मागवली आणि पत्त्यावर क्लिक करत एकेक नोंद उघडत गेली. चौकट, बाण, चौकट, बाण. शेवटची चौकट आली. तिच्यापुढे पत्ता शून्य हवा होता. तिथे शून्य नव्हतं, दुसराच आकडा होता, आणि तो मधल्या एका चौकटीचा पत्ता होता. यादी तिथून मागे वळून गोल फिरत होती.

काढून टाकलेल्या नोंदीची रिकामी जागाच नव्या नोंदीला मिळाली होती आणि जुना पत्ता तिथे तसाच पडून होता. नवी नोंद भरताना "पुढे कुणी नाही" हे लिहायचं राहिलं होतं. तिने एक ओळ वाढवली. यादी नीट छापली आणि थांबली. ती माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांनी.

मला मात्र त्याच वेळी खिडकीचा खालचा भाग दिसत होता. डीडीडी तिथे जीडीबीशी चाललेलं सगळं बोलणं उघडं ठेवतो. तिने 'नेक्स्ट'चं बटण दाबलं की खाली 'नेक्स्ट' हा शब्द उमटायचा. मी म्हटलं, "बटण दाब, पण खाली काय लिहिलं गेलं तेही दर वेळी मोठ्याने वाच." पंधरा-वीस दिवस आमच्या घरात हे पाठांतर चाललं. धाकटा भाऊसुद्धा 'ब्रेक मेन' म्हणत फिरायचा.

प्रात्यक्षिक परीक्षेला कॉलेजच्या मशीनवर डीडीडी नव्हता, नुसता काळा पडदा होता. ती त्यावर लिहीत गेली. शब्द ओळखीचे झाले होते. आता ती चौथ्या सत्रात आहे आणि बी.ए.चा विषय घरात निघत नाही.

आपल्या घरांत मुलं एक भाषा मदरशात, दुसरी शाळेत आणि तिसरी बाजारात बोलतात. कॉलेजात चौथी येऊन उभी राहते. मध्ये सोपं करून सांगणारं कुणीतरी लागतंच, मग ती आई असो, शिक्षिका असो की खिडकी. मी वर्गात मराठी शब्दाचा अर्थ उर्दूत सांगते तेव्हा मूळ शब्द फळ्यावरून पुसत नाही, अर्थाच्या शेजारीच राहू देते. उद्या मी त्यांच्या वर्गात नसेन, पण तो शब्द त्यांना कुठल्या तरी अर्जावर, पाटीवर, परीक्षेत भेटणारच आहे.