दुधाच्या खाड्यांशेजारची नोंद

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून आई-वडील सकाळची चर्चगेट लोकल पकडायला बाहेर पडले, की घरोघरची मुले आजी-आजोबांच्या हवाली होतात. म्हणूनच आजारी मुलाला माझ्या दवाखान्यात घेऊन येणारा हात बहुधा सुरकुतलेला असतो. हा लेख त्या हातांसाठी आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एक आजी आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. बेताचा ताप, घसादुखी, डोकेदुखी आणि कोरडा खोकला. छातीला नळी लावली, तर विशेष काही ऐकू येईना. मी अमॉक्सिसिलिन लिहून दिले. पाच दिवसांनी आजी परत आल्या. "डॉक्टर, पोरगं दिवसा खेळतंय; पण रात्री खोकल्यानं डोळ्याला डोळा लागत नाही."

"आणखी दोन दिवस पाहू," मी म्हणालो. तेव्हा आजींनी पिशवीतून दिनदर्शिकेचे पान काढले. दुधाच्या खाड्यांशेजारी थोरल्या नातीचा खोकला सुरू झाल्याची तारीख होती, बरोबर वीस दिवसांपूर्वीची. "तिचा उतरणीला लागला आणि याचा सुरू झाला," त्या म्हणाल्या.

मी चपापलो. फ्लूची लागण घरात दोन-चार दिवसांत पसरते. दोन ते तीन आठवड्यांचे अंतर ठेवून एकेकाला गाठणारा जंतू मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए हा असू शकतो. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला, पुढे घशातील स्रावाच्या तपासणीने निदान पक्के झाले. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते. अमॉक्सिसिलिन नेमका त्या भित्तिकेवर घाव घालते. जिथे भिंतच नाही, तिथे ते काय करणार? योग्य औषध सुरू झाल्यावर ताप दोन दिवसांत उतरला. खोकला मात्र आणखी काही आठवडे रेंगाळला.

हा आजार विशेषतः पाच वर्षांपुढील शाळकरी मुलांत दिसतो आणि दर काही वर्षांनी डोके वर काढतो. २०२३ च्या अखेरीस उत्तर चीनमधील मुलांच्या श्वसनविकारांत या जंतूचेही नाव होते. त्या वेळी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना रुग्णालयांची सज्जता तपासण्यास सांगितले होते. मूल चालते-फिरते राहते, म्हणून आजार अंगावर काढला जातो. काही मुलांना अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड येतात. दमा असलेल्यांचा दमा बळावतो.

बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. तरीही मूल शांत झोपले असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात ते ४० किंवा अधिक, त्याहून मोठ्या मुलात ३० च्या वर गेले, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले, मूल मलूल झाले किंवा पाणीही घेईना, तर उजाडण्याची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांहून लांबलेल्या खोकल्यात क्षयरोगाची शंकाही डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. एका नातवंडाचे उरलेले औषध दुसऱ्याला कधीही देऊ नये. शुश्रूषा करताना आपणही हात धुवावेत, खोली हवेशीर ठेवावी. हा जंतू वय पाहून थांबत नाही.

त्या दिवसापासून माझ्या तपासणीत एका प्रश्नाची भर पडली आहे: "घरात आधी कोण खोकत होते, आणि केव्हापासून?" पुढच्या वेळी दवाखान्यात येताना या प्रश्नाचे उत्तर सोबत आणा. आई-वडील लोकलमध्ये असतात, डॉक्टर मुलाला पाच मिनिटे पाहतो. रात्रीचा खोकला ऐकणारे तुम्हीच असता.