वेलेनच्या उतारावरून

चि. मंदार,


जर्मनीतल्या वेलेनच्या मळ्यातल्या सूर्यघड्याळाचा फोटो मिळाला. पण खाली 'लेबल खपवायची युक्ती' असं लिहिलंस, ते मनाला लागलं. अरे, योडोकस प्र्यूमनं १८४२ साली ते उभारलं, ते उतारावर राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. लेबलवर ते नंतर आलं.

तिथल्या रिसलिंग वाईनला इतका भाव कशाचा, असं विचारतोस. मोझल नदीकाठचा तो नैर्ऋत्येकडे तोंड केलेला कडा नीट पाहिलास का? निळसर-करडा पाटीचा दगड, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. दिवसा तापतो, रात्री वेलींना ऊब देतो. फिलॉक्सेरा किडीला असली जमीन मानवत नाही, म्हणून कित्येक जुन्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपण आपल्या द्राक्षांची डॉगरिजच्या खुंटावर कलमं करतो, ते आठव.

पण नुसत्या दगडानं वाईन होत नाही, हे मी तुला किती वेळा सांगितलंय! चढ काही ठिकाणी ७० टक्के. एकेका खांबाला एकेक वेल, काड्या वाकवून बदामासारख्या बांधलेल्या. हे सगळं हातानं, पायाखालून पाटीच्या कपच्या घसरत असताना. दादांनी तुला छाटणीला उभं केलं होतं तेव्हा आपल्या सपाट रानातही दुपारपर्यंत तुझी कंबर धरली होती. मळा माणसांच्या पायांवर उभा असतो. शिवाय १९७१च्या कायद्यानं आजूबाजूची जमीनही या सूर्यघड्याळाच्याच नावाखाली आली. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नकोस, पिकवणारा कोण ते बघ.

आणि मोझलवरच्या त्या नव्या पुलाचं केवढं कौतुक केलंस! २०१९ साली खुला झालेला, जवळजवळ १६० मीटर उंच. बांधणी थोर असेलही. पण त्याचा रस्ता या मळ्यांच्या डोक्यावरच्या पठारावरून जातो. वरून झिरपणारं पाणी तुटेल, या भीतीनं बागाईतदार कळवळून बोलत होते. ह्यू जॉन्सन आणि जॅन्सिस रॉबिन्सनसारखे वाईनचे जाणकारही विरोधात उभे राहिले. पूल झालाच. त्यात उन्हाळे तापताहेत, आणि चढावर काम करायला तरुण मिळणं अवघड झालंय. मला झोप लागत नाही ती यानं.

तेव्हा आणखी एकदा जा, गाडी खाली ठेव आणि चालत वर चढ. वरच्या ओळींतली पानं ऑगस्टमध्ये पिवळी पडतात का, पडीक पट्टे किती दिसतात, हे तिथल्या एखाद्या बागाईतदाराला विचार आणि मला सविस्तर लिही. बाटलीची चव मग कळव.

तुझा,
नानाकाका